राजीनाम्यानंतरचा फ्रेड फ्रेंडली

१० फेब्रुवारी १९६६. वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीसमोर जॉर्ज केनन साक्ष देत होते. सोव्हिएत संघाला आहे तिथेच रोखून धरायचं, हे शीतयुद्धातलं अमेरिकी धोरण ज्यांनी पहिल्यांदा मांडलं, तेच हे केनन. आता तेच सांगत होते की व्हिएतनाममध्ये अमेरिकेनं एवढं गुंतून पडावं असं काही नाही. समितीचे अध्यक्ष फुलब्राइट होते, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याच पक्षाचे. सरकारी पक्षाचा माणूस सरकारच्या युद्धाची जाहीर उलटतपासणी करतोय, असा तो दुर्मीळ दिवस होता. एनबीसी या वाहिनीवर ही साक्ष थेट दिसत होती. सीबीएसवर त्या वेळी ‘आय लव्ह लूसी’ या विनोदी मालिकेचा जुना, पुन्हा पुन्हा दाखवून झालेला भाग लागला होता.

सीबीएसच्या वृत्तविभागाचे अध्यक्ष होते फ्रेड फ्रेंडली. साक्ष दाखवायची म्हणून ते शेवटपर्यंत भांडले आणि हरले. निर्णय जॉन श्नायडर यांचा होता. ते नुकतेच वरच्या पदावर आले होते आणि नव्या रचनेत फ्रेंडलींचे वरिष्ठ झाले होते. दिवसा टीव्ही बघतात त्या गृहिणी, त्यांना व्हिएतनामच्या चर्चेत रस नाही, आणि ज्यांना आहे त्यांना संध्याकाळच्या बातम्यांत सारांश मिळेलच, असं त्यांचं म्हणणं होतं. पाच दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, फ्रेंडलींनी राजीनामा दिला. त्यांचं पत्र ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आलं. वय पन्नास. त्याच वर्षी ते कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयात प्राध्यापक झाले.

दूरचित्रवाणीच्या इतिहासात हा राजीनामा अजरामर झाला आहे. पत्रकारितेच्या पुस्तकांत तो येतो, भाषणांत येतो. तत्त्वासाठी खुर्चीवर पाणी सोडणारा माणूस कुणाला आवडणार नाही? पण ती गोष्ट राजीनाम्यापाशीच थांबते, आणि माझ्या मते तिथेच ती अर्धी राहते. कारण सीबीएस सोडल्यानंतर फ्रेंडली आणखी ३२ वर्षं जगले आणि त्या काळात त्यांनी जे केलं, ते न्यूजरूममध्ये बसून कुणालाच करता आलं नसतं. त्यांनी निर्णय घ्यायला शिकवलं.

हे शिकवण्यासाठी त्यांच्याकडे शैक्षणिक पात्रता म्हणावी अशी जवळपास नव्हतीच. जन्म १९१५ चा, न्यूयॉर्कचा. वाढले ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात. शाळेत अभ्यास बेताचाच. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या निकोल्स नावाच्या ज्युनिअर कॉलेजात गेले. मग प्रॉव्हिडन्सच्या रेडिओ केंद्रावर थोरामोठ्यांची पाच-पाच मिनिटांची चरित्रं सादर करू लागले. महायुद्धात सैन्यात गेले आणि तिथून आपल्याकडे आले. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरच्या अमेरिकी सैनिकांसाठी दिल्लीहून ‘सीबीआय राउंडअप’ नावाचं साप्ताहिक निघायचं, त्याचे ते वार्ताहर होते.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा फ्रेंडली मुंबईत होते. कापसाच्या गासड्या, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकाच जहाजात भरलेल्या. मराठी घरांतून या स्फोटाच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी गोदीत केलेल्या बचावकार्याबद्दल फ्रेंडलींना अमेरिकी लष्कराचं ‘सोल्जर्स मेडल’ मिळालं. प्रत्यक्ष लढाईबाहेरच्या शौर्यासाठी हे पदक देतात. कोलंबियातल्या या प्राध्यापकाच्या छातीवरचं पदक मुंबईच्या गोदीतलं होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

पुढच्याच वर्षी, मे १९४५ मध्ये, ऑस्ट्रियातली माउथाउजेनची छळछावणी त्यांनी पाहिली. फ्रेंडली ज्यू होते. तिथलं जे दिसलं ते त्यांनी आईला पत्रातून लिहिलं. ते पत्र त्यांच्या घरात दरवर्षी पासओव्हरच्या सणाला मोठ्यानं वाचलं जाई. समोर दिसतंय त्याची साक्ष ठेवायची आणि ती पुढच्या पिढीच्या कानांवर पडेल अशी व्यवस्था करायची, हा या माणसाचा पिंडच होता.

युद्धानंतर त्यांची गाठ एडवर्ड आर. मर्रो यांच्याशी पडली. लंडनवर बॉम्ब पडत असताना रेडिओवरून तिथला वृत्तांत सांगणारे मर्रो तेव्हा अमेरिकेतले सर्वांत विश्वासाचे पत्रकार होते. दोघांनी आधी १९४८ मध्ये ध्वनिमुद्रिका काढल्या, मग रेडिओचा कार्यक्रम केला आणि १८ नोव्हेंबर १९५१ ला ‘सी इट नाऊ’ हा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्याच भागात मर्रोंनी दोन पडद्यांवर एकाच वेळी अटलांटिक आणि पॅसिफिक किनारा दाखवला. मर्रो पडद्यावर, फ्रेंडली पडद्यामागे. फ्रेंडली धिप्पाड, आवाज खणखणीत, स्वभाव तापट. हाताखालच्यांना पिळून काम करून घेणारे. त्यांच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं, हे त्यांचे चाहतेसुद्धा सांगत.

९ मार्च १९५४ चा सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्यावरचा भाग सर्वांना माहीत आहे. कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली माणसं आयुष्यातून उठवणाऱ्या मॅकार्थींना त्यांच्याच बोलण्याच्या फिती दाखवून मर्रो-फ्रेंडलींनी उघडं पाडलं. जॉर्ज क्लूनीनं २००५ मध्ये यावर ‘गुड नाइट, अँड गुड लक’ हा चित्रपट काढला आणि त्यात फ्रेंडलींची भूमिका स्वतः केली. त्या भागाची वृत्तपत्रात जाहिरात द्यायला सीबीएसनं नकार दिला, तेव्हा मर्रो आणि फ्रेंडली यांनी स्वतःच्या खिशातून १,५०० डॉलर भरून ती दिली. पत्रकारितेचा अभिमान बाळगणाऱ्या कंपनीत पत्रकारांना स्वतःच्या पदरचे पैसे का घालावे लागतात, हा प्रश्न फ्रेंडलींची पुढं पाठ सोडणार नव्हता.

१९५५ मध्ये बक्षिसाच्या मोठमोठ्या रकमा देणारे प्रश्नमंजुषेचे कार्यक्रम आले, त्यांना प्रचंड प्रेक्षक आणि जाहिराती मिळू लागल्या आणि ‘सी इट नाऊ’ची नेहमीची वेळ गेली. १९५८ मध्ये तो बंदच झाला. १९६० मध्ये या जोडीनं शेतमजुरांच्या हलाखीवर ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ केला. शेतमालाच्या सुगीवर अमेरिकेची घरं जेवतात आणि ती सुगी काढणारे उपाशी राहतात, हे थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी दाखवलं. १९६१ मध्ये मर्रो सरकारी माहिती खात्यात गेले. १९६४ मध्ये फ्रेंडली वृत्तविभागाचे अध्यक्ष झाले.

राजीनाम्यापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती एक रात्र. ४ ऑगस्ट १९६४. मध्यरात्रीच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष जॉन्सन दूरचित्रवाणीवर आले आणि टोंकिनच्या आखातात अमेरिकी नौकांवर हल्ला झाल्याचं, त्याला उत्तर म्हणून उत्तर व्हिएतनामवर कारवाई सुरू झाल्याचं सांगितलं. भाषण संपलं. सीबीएसच्या वार्ताहरांकडे विचारण्यासारखं, समजावून सांगण्यासारखं बरंच होतं. त्यांना पुरेसा वेळ न देता प्रक्षेपण आटोपण्यात आलं. कर्करोगानं आजारी असलेल्या मर्रोंचा फ्रेंडलींना फोन आला. राष्ट्राध्यक्षांच्या एवढ्या गंभीर भाषणाचा अर्थ लोकांना न सांगता तुम्ही मोकळे कसे झालात, असा त्यांचा संताप होता. फ्रेंडलींनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात ही हकीकत स्वतःच लिहिली आहे आणि त्या रात्रीचा निर्णय चुकला, हे मान्य केलं आहे. तीनच दिवसांत अमेरिकी संसदेनं टोंकिनचा ठराव मंजूर केला आणि जॉन्सन यांच्या हाती जवळजवळ अमर्याद युद्धाधिकार आले. एप्रिल १९६५ मध्ये मर्रो वारले.

त्यामुळे फेब्रुवारी १९६६ मध्ये केननची साक्ष आली, तेव्हा फ्रेंडलींसाठी तो एका दिवसाच्या वेळापत्रकाचा वाद नव्हता. दीड वर्षापूर्वीची चूक दुरुस्त करायची संधी समोर होती, आणि ती दुसऱ्याच कुणीतरी हिरावून घेतली. आपला थेट मालकांपर्यंतचा रस्ता बंद झाला याचा राग राजीनाम्यामागे होता, असं त्यांचे टीकाकार म्हणत. तेही खरंच होतं. राजीनाम्याच्या पत्रात त्यांनी तो मुद्दा मांडलाही आहे. दोन्ही कारणं एकत्र असू शकतात. वृत्तप्रमुखाला मालकापर्यंत पोचताच येत नसेल, तर तत्त्वाची बाजू मांडायची कुठे?

कोलंबियात त्यांना मिळालेल्या अध्यासनाला नाव होतं एडवर्ड आर. मर्रो यांचं. याच काळात फोर्ड फाउंडेशनचे नवे प्रमुख मॅकजॉर्ज बंडी यांनी त्यांना दूरचित्रवाणीचे सल्लागार नेमलं. उपग्रहाच्या कमाईतून बिगर-व्यापारी दूरचित्रवाणीला पैसा द्यावा, अशी योजना फ्रेंडलींनी १९६६ मध्ये मांडली. ती तशी प्रत्यक्षात आली नाही, पण चर्चा पेटली. नोव्हेंबर १९६७ मध्ये जॉन्सन यांनी सार्वजनिक प्रसारणाच्या कायद्यावर सही केली. आजचं पीबीएस त्याच वाटेनं आलं. फोर्डच्या पैशातून चालवलेला ‘पब्लिक ब्रॉडकास्ट लॅबोरेटरी’ हा त्यांचा रविवारचा महत्त्वाकांक्षी कार्यक्रम मात्र दोन वर्षांत गुंडाळावा लागला. वाहिन्यांना जे जमत नाही ते पैसा आणि चांगला हेतू असला की जमतंच असं नाही, हे त्यांना तिथे कळलं असावं.

वर्गात मात्र त्यांचा हात बसला. १९६८ च्या फेब्रुवारीत केर्नर आयोगाचा अहवाल आला. अमेरिकी शहरांतल्या कृष्णवर्णीयांच्या दंगलींची चौकशी करणाऱ्या या आयोगानं वृत्तपत्रं आणि वाहिन्यांवर स्पष्ट ठपका ठेवला होता: तुम्ही देशाकडे फक्त गोऱ्या माणसाच्या नजरेनं बघता, कारण तुमच्या न्यूजरूममध्ये दुसरं कुणी नाहीच. वाहिन्यांनी मान डोलावली. फ्रेंडलींनी त्याच उन्हाळ्यात फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून कोलंबियात अल्पसंख्य समाजांतल्या तरुणांसाठी पत्रकारितेचा वर्ग उघडला. माणसं मिळत नाहीत, या सबबीला त्यांनी माणसं तयार करून उत्तर दिलं. या वर्गातून गेलेली मिशेल क्लार्क पुढे सीबीएसची राष्ट्रीय वार्ताहर झाली, तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री वार्ताहरांपैकी एक. डिसेंबर १९७२ मध्ये शिकागोच्या विमान अपघातात ती गेली, तेव्हा त्या वर्गालाच तिचं नाव दिलं गेलं. रॉबर्ट मेनार्ड आणि अर्ल कॅल्डवेल हे कृष्णवर्णीय पत्रकार या वर्गाचे संचालक झाले. १९७४ मध्ये कोलंबियानं तो थांबवला, त्यानंतर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो कॅलिफोर्नियात बर्कलीला नेला. मेनार्ड यांच्या नावाची संस्था त्यातूनच उभी राहिली. एका उन्हाळी वर्गाची ही मजल मला सीबीएसच्या कुठल्याही गाजलेल्या भागाइतकीच मोलाची वाटते.

कॅल्डवेल यांचं नाव न्यायालयातही गाजलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे वार्ताहर असताना त्यांनी ब्लॅक पँथर या संघटनेच्या आपल्या सूत्रांबद्दल साक्ष द्यायला नकार दिला होता. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पत्रकारांच्या विरोधात निकाल दिला. पत्रकार आणि न्यायाधीश यांच्यात तेव्हा बोलणंच उरलं नव्हतं. दोघंही एकमेकांकडे संशयानं पाहत. फ्रेंडलींनी त्यांना एका टेबलाभोवती बसवायचं ठरवलं. १९७४ च्या सुमारास ही चर्चासत्रं सुरू झाली, आणि त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं शिकवणं तिथे झालं असं मी मानतो.

पद्धत सॉक्रेटिसाची. घोड्याच्या नालेच्या आकाराचं टेबल. त्याभोवती न्यायाधीश, सेनापती, संपादक, पोलीस अधिकारी, वकील. मधोमध बहुधा हार्वर्डच्या कायदा विद्यालयातला एखादा प्राध्यापक. तो एक कल्पित प्रसंग मांडतो आणि तुमच्या पदावर तुम्हाला त्यात उभं करतो. मत विचारत नाही. आता, या क्षणी, काय करणार ते विचारतो. उत्तर दिलं की प्रसंग आणखी घट्ट आवळतो. फ्रेंडलींचं सांगणं असायचं की कुणाचं मत बनवून देणं हे आमचं काम नाही. निर्णयाचा ताप एवढा वाढवायचा की विचार करण्यावाचून सुटकाच उरू नये. या सत्रांतून १९८४ मध्ये पीबीएसवर राज्यघटनेवरची १३ भागांची मालिका आली. सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट तिच्याशी जोडलेले होते. कलमांचा अर्थ समजावणारी भाषणं तिच्यात नव्हती. कलमं हातात धरून पेचात सापडलेली माणसं होती.

‘एथिक्स इन अमेरिका’ या मालिकेतला युद्धावरचा भाग प्रत्येक पत्रकारानं बघावा. तो १९८७ मध्ये चित्रित झाला आणि १९८९ मध्ये दाखवला गेला. हार्वर्डचे चार्ल्स ओगलट्री प्रश्न विचारत होते. समोर एबीसीचे पीटर जेनिंग्ज आणि सीबीएसचे माइक वॉलेस. प्रसंग असा: एका कल्पित देशातल्या युद्धात तुम्ही शत्रूच्या तुकडीबरोबर वार्तांकन करताय. तुकडी दबा धरून बसली आहे आणि समोरून अमेरिकी सैनिक येताना दिसतात. चित्रीकरण करणार की त्यांना सावध करणार? जेनिंग्ज बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की मी त्यांना सावध करीन, जीव गेला तरी. वॉलेस यांनी लगेच हरकत घेतली: तू वार्ताहर आहेस, ही एक बातमी आहे. जेनिंग्ज डळमळले आणि त्यांनी आपलं मत फिरवलं. मग मरीन दलाचे कर्नल जॉर्ज कॉनेल बोलले. दोन दिवसांनी हेच पत्रकार जखमी होऊन पडले तर माझे जवान त्यांना उचलून आणायला जातील आणि त्यात मरतील, असं सांगताना पत्रकारांविषयीची तुच्छता त्यांनी लपवली नाही. टेबलाभोवती शांतता पसरली. कोण बरोबर, हे कुणी सांगितलं नाही. मुद्दाम सांगितलं नाही.

या सत्रांची एक उणीव मला खटकते. टेबलाभोवती निर्णय घेणारे असत. निर्णय ज्यांच्यावर कोसळतात ते क्वचितच. ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ करणाऱ्या माणसाच्या टेबलावर शेतमजुराला जागा असायला हवी होती. तरीही पद्धत मोठी होती, कारण तिनं प्रसंग येण्याआधी माणसाला त्या प्रसंगात उभं केलं. टोंकिनच्या रात्री फ्रेंडलींकडे काही मिनिटं होती. विद्यार्थ्यांना त्यांनी तीच मिनिटं आधीच जगायला लावली.

१९७९ मध्ये ते कोलंबियातून निवृत्त झाले, सत्रं मात्र सुरू राहिली. पत्नी रूथ या शिक्षिका होत्या. त्या या कामात बरोबरीनं होत्या. दरम्यान १९८१ मध्ये ‘मिनेसोटा रॅग’ हे त्यांचं पुस्तक आलं. एका गावगन्ना, ज्यूद्वेष्ट्या पत्रावर सरकारनं घातलेली बंदी १९३१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कशी उठवली, त्याची ही हकीकत. आपल्याच समाजाविषयी विष ओकणाऱ्या पत्राचं छापण्याचं स्वातंत्र्य का राखायला हवं, हे एका ज्यू पत्रकारानं तळमळीनं लिहावं, यात त्यांचं शिकवणं सगळं आलं. ३ मार्च १९९८ ला न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

आता आपल्याकडे येतो. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरच्या अतिरेकी हल्ल्यात नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरत होते आणि वाहिन्या ते थेट दाखवत होत्या. सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार टीव्ही बघून फोनवरून अतिरेक्यांना सूचना देत होते. त्या हल्ल्यातला अतिरेकी कसाब याच्या खटल्यातल्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईचं थेट चित्रण दाखवायला मनाई करणारा नियम २०१५ मध्ये आला. नियम आला ते बरंच झालं. पण त्या तीन दिवसांत आउटपुटच्या टेबलावर बसलेल्या पंचविशीतल्या मुलाला किंवा मुलीला कुठल्या वर्गात असा प्रसंग आधी कुणी घातला होता? कमांडो दोरीवरून उतरतोय, शेजारची वाहिनी दाखवतेय, संपादकाचा फोन लागत नाही. तू काय करशील? हा प्रश्न आमच्या पत्रकारितेच्या वर्गात विचारला जात नाही. तिथे बातमीचे प्रकार शिकवतात, कॅमेऱ्याचे कोन शिकवतात, माध्यमांचा इतिहास शिकवतात. हा प्रश्न विचारायला तो ताप सोसलेलं माणूस वर्गात लागतं.

असं माणूस वर्गात आणायला आजवर पीएचडी आणि नेट परीक्षेची भिंत आडवी येत होती. ज्युनिअर कॉलेजपर्यंत शिकलेल्या फ्रेंडलींना आपल्या विद्यापीठानं दारातूनच परत पाठवलं असतं. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नेमणुकीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. क्षेत्रात किमान १५ वर्षांचा अनुभव हवा, कामगिरी ठळक असेल तर पदवीची अट नाही, माध्यमांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे, आणि मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. तीन वर्षं, फार तर चार. ही नेमणूक मानद, म्हणजे बिनपगारीही करता येते, आणि इथेच माझी भीती आहे. वाहिनीत २० वर्षं घालवलेल्या माणसाला घर चालवायचं असतं. त्याला आठवड्यातून एक पाहुणं व्याख्यान आणि शाल-श्रीफळ देऊन भागणार नाही.

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटपासून मराठवाडा, विदर्भ, कोल्हापूर आणि गोव्यातल्या विद्यापीठांपर्यंत, पत्रकारिता शिकवणाऱ्या प्रत्येक विभागानं निदान एक अशी पगारी जागा भरावी. कुलगुरूंनी ती मागावी, सरकारनं तिला पैसा द्यावा. आणि ज्या संपादकांनी, निर्मात्यांनी, वार्ताहरांनी आपल्या उमेदीची वर्षं रात्रपाळ्यांत आणि ब्रेकिंगच्या धबडग्यात घातली आहेत, त्यांनी निवृत्तीची वाट न बघता, अंगात धमक असतानाच वर्गाकडे वळावं. फ्रेंडली वर्गात गेले तेव्हा पन्नाशीचे होते.